जास्वंदीवरचे किडे आणि कॅमेऱ्याचे भिंग

कीटकांची छायाचित्रे काढणे हा रिकामपणचा छंद आहे, असे पुष्कळांना वाटते. एखाद्या फुलपाखराचे रंगीत चित्र भिंतीवर लावावे आणि चारचौघांनी वाहवा करावी, एवढाच त्याचा उपयोग, अशी समजूत आहे. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात मात्र ह्या छंदाला दुसरीही एक बाजू आहे, आणि तिचाच विचार आज आपणांस करावयाचा आहे.

आपल्या अंगणातली जास्वंद घ्या. जास्वंद, भेंडी आणि कपाशी ही तिन्ही एकाच कुळातली झाडे. म्हणून कपाशीवर येणारे मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे पाहुणे जास्वंदीकडेही मुक्कामाला येतात. वणी-राळेगावच्या शेतांत जे चालते, त्याचा लहानसा नमुना शहरातल्या कुंडीत सापडतो. अडचण एवढीच की, मावा एक-दीड मिलिमीटरचा आणि फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना तो ठिपका दिसतो. त्याचे पाय, मिशा, पंख दिसत नाहीत. आणि ते दिसल्यावाचून त्याची ओळख पटत नाही.

ही अडचण जुनीच आहे. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पिसवेचे चित्र घडी उलगडून पाहावे लागेल एवढे मोठे होते, आणि लोक ते पाहून थक्क झाले. हूकने सूक्ष्मदर्शकातून पाहून जे हाताने रेखाटले, ते काम आज कॅमेरा करू शकतो. त्याची रीत समजून घेतली पाहिजे, इतकेच.

वस्तू भिंगाच्या जितकी जवळ येते, तितकी तिची प्रतिमा भिंगामागे दूर पडते. म्हणून जवळचे चित्र घ्यायचे तर भिंग कॅमेऱ्यापासून पुढे सरकवावे लागते. त्यासाठी मध्ये पोकळ कडी बसवतात, किंवा भात्यासारखी घडीची नळी लावतात. ५० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग नेहमीच्या दूरच्या दृश्याच्या जागेपासून आणखी ५० मिलिमीटर पुढे नेले, की कीटक जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा उमटते. ह्याला एकास एक प्रमाण म्हणतात. ह्या कामासाठीच बनविलेली मॅक्रो भिंगेही मिळतात.

पण फुकट काहीच मिळत नाही. एकास एक प्रमाणाला प्रकाश चौपट लागतो. शिवाय भिंगाचे छिद्र एफ १६ इतके बारीक केले, तरी सुमारे दोन मिलिमीटर जाडीचाच भाग रेखीव येतो. त्याच्या पुढचे-मागचे सारे धूसर. म्हणून कॅमेरा कीटकाच्या अंगाला समांतर धरावा आणि डोळा रेखीव ठेवावा. थोड्या थोड्या अंतराने अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जोडण्याचीही सोय आता झाली आहे. प्रकाशासाठी फ्लॅश वापरावा, पण त्यापुढे पांढरा पातळ कागद धरावा; नाहीतर ढालकिड्याच्या तकतकीत पाठीवर पांढरा डाग तेवढा उमटतो. वेळ सकाळची उत्तम. कीटकाच्या अंगाची ऊब भोवतालच्या हवेवर अवलंबून असते, म्हणून गारव्यात तो मंद असतो, आणि वाराही सहसा पडलेला असतो.

एवढे साहित्य प्रत्येकापाशी नसेल. मोबाइलवर चिमट्याने बसणारे लहान भिंगही चालते. पानाची मागची बाजू मात्र विसरू नये. मावा आणि तुडतुडे बहुधा तेथेच असतात. एक चित्र वरून, एक बाजूने, एक झाडाच्या बिघडलेल्या भागाचे, आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. झाडाचे नाव व तारीख टिपली म्हणजे ते चित्र जाणत्याच्या उपयोगी पडते.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? ढालकिडा सर्वांना आवडतो, पण त्याची अळी ओळखणारे थोडे. ती काळसर, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा सुसरीसारखी दिसते. ती मावा खाऊन फस्त करते. पण रूप पाहून माणूस तिलाच कीड समजतो आणि औषधाचा पंप उचलतो. क्रायसोपाची अंडी केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकांवर उभी असतात. ती बुरशी समजून पुसून टाकली जातात. भिंगातून एकदा नीट पाहिले की मित्र कोण आणि शत्रू कोण, हा घोळ मिटतो.

हा घोळ आपल्या जिल्ह्यात क्षुल्लक नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो आजारी पडले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही कहर केला. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, आणि कॅमेऱ्याने ती टळली असती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अनावश्यक अशी प्रत्येक फवारणी पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या अंगावर येते, हे तर खरे? बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच कळीत किंवा बोंडात शिरते. मग वरून टाकलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तिची खूण म्हणजे डोमकळी, पाकळ्या गुंडाळून न उमललेले फूल. ते वेळेवर ओळखून तोडून नष्ट करणे, हे काम डोळ्यांचे आहे.

म्हणून आमची विनंती अशी की, येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने आपल्या जास्वंदीपासून आरंभ करावा. हात बसला की गावाकडच्या भावाच्या शेतात जावे, पानामागचे किडे टिपावे, आणि औषधाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ती चित्रे यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रातील जाणकारांना दाखवावी. फवारायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे.