तेलातल्या वायूंची शंभर वर्षं

1921 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या माक्स बुकोल्झ यांनी एका रिलेचं पेटंट घेतलं आणि रोहित्राच्या आत काहीतरी जळतंय हे टाकी न उघडता कळायची सोय झाली. टाकी आणि वरची तेलाची छोटी टाकी, म्हणजे कॉन्झर्व्हेटर, यांना जोडणाऱ्या नळीत हा रिले बसतो. आत तेल तापून फुटलं की बुडबुडे वर चढून तिथे साठतात, फ्लोट खाली येतो, अलार्म वाजतो. दोष मोठा असेल तर तेलाचा लोंढाच रोहित्र ट्रिप करतो.

साठलेल्या वायूला काडी लावून बघायची रीत होती. पेटला तर बिघाड, नाही तर बहुधा अडकलेली हवा. पांढरट वायू म्हणजे कागद जळतोय, पिवळसर म्हणजे लाकूड, करडा म्हणजे तेल, असेही आडाखे होते. रीत धाडसाचीच, शिवाय उशिराची. वायू आधी तेलात विरघळतो, आणि ॲसिटिलीन तर इतका सहज मुरतो की सावकाश वाढणाऱ्या दोषाचा रिलेला पत्ताच लागत नाही.

विरघळलेला वायू मोजायचं साधन 1952 मध्ये जेम्स आणि मार्टिन यांच्या गॅस क्रोमॅटोग्राफीनं दिलं. मग विरघळलेल्या वायूंच्या विश्लेषणाचा, म्हणजे डीजीएचा, दिनक्रम ठरत गेला: व्हॉल्व्हमधून आधी थोडं तेल वाहू द्यायचं, काचेच्या सिरिंजमध्ये नमुना घ्यायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, प्रयोगशाळेत निर्वातात वायू वेगळे काढून पीपीएममध्ये आकडे लिहायचे.

खरी डोकेफोड त्या आकड्यांची होती. तेलाच्या रेणूचे तुकडे तापमानाप्रमाणे पडतात. ठिणगीविना होणाऱ्या विद्युत विसर्जनात मुख्यतः हायड्रोजन, तापलेल्या सांध्यापाशी इथिलीन, आर्क झाला की ॲसिटिलीन. कागद भाजला की कार्बन मोनॉक्साइड. 1970 च्या दशकात डॉर्नेनबुर्ग आणि ब्रिटनमधले रॉजर्स यांनी वायूंची गुणोत्तरं मांडली, 1978 मध्ये आयईसी 599 हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. पण कोष्टकात न बसणारे नमुने वारंवार निघत, आणि इंजिनिअर पुन्हा अंदाजावरच.

कॅनडात हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेतल्या मिशेल ड्युव्हाल यांनी मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तिघांचेच टक्के काढून ते त्रिकोणावर मांडले. बिघडलेली रोहित्रं उघडून आत जे सापडलं, त्यावरून सीमा आखल्या. प्रत्येक नमुना कुठल्या तरी कप्प्यात पडतोच, हा त्रिकोणाचा गुण आणि तीच त्याची मेख: त्यात निरोगी रोहित्राचा कप्पाच नाही. वायू मुळात जास्त आहे का, किती वेगानं वाढतोय, हे आधी न पाहता ठिपका मांडणारा चांगल्या रोहित्रालाही रोगी ठरवून मोकळा होतो.

ॲसिटिलीनही फसवतो. व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या टॅप चेंजरच्या डायव्हर्टरमध्ये स्विचिंगच्या वेळी आर्क होतोच. तिथलं तेल सीलमधून मुख्य टाकीत झिरपलं तर वाइंडिंग शाबूत असूनही अहवाल भीतीदायक येतो. टाकीवर केलेलं वेल्डिंगही असाच घोळ घालतं.

भारतात वायूंच्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी आयएस 10593 हे मानक आहे. मोठ्या रोहित्रांवर आता ऑनलाइन मॉनिटर बसतात. 2014 मध्ये ड्युव्हाल आणि लामार यांनी पाच वायूंचा पंचकोन मांडला. खनिज तेलाच्या जागी वनस्पतिजन्य एस्टर भरलेल्या रोहित्रांना मात्र जुन्या सीमा लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी त्रिकोणाच्या रेषा नव्यानं आखाव्या लागल्या.