रायफलीवरचे ठसे काय सांगतात?

एन.सी.सी.च्या कवायतीत लाकडी दस्त्याची जड रायफल ज्यांनी खांद्यावर घेतली असेल, त्यांना तिच्या पोलादावरचे ठसे आठवतील. अक्षरे, आकडे, मुकुट, बाण अशी ती गर्दी असते. एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, हिच्यावर १९४२ लिहिलंय. म्हणजे ही महायुद्धात लढली का?"

प्रश्न चांगला आहे, पण घाईने 'हो' म्हणता येत नाही. ठसा म्हणजे त्या वस्तूविषयी कोणीतरी, कधीतरी केलेले विधान. ते कोणी व केव्हा केले हे कळले, तरच त्याचा अर्थ लागतो. १९४२ हे वर्ष रायफल कधी तयार झाली एवढेच सांगते. पुढे ती रणांगणावर गेली की कोठारात पडून राहिली, याविषयी तो आकडा गप्प आहे.

जन्माचे ठसे

उदाहरणासाठी भारतात सर्वपरिचित असलेली .३०३ ली-एनफील्ड रायफल घेऊ. 'ली' हे तिच्या यंत्रणेचा रचनाकार जेम्स पॅरिस ली याचे नाव आणि 'एनफील्ड' हे लंडनजवळच्या शस्त्र कारखान्याचे ठिकाण. लाकडी दस्ता ज्या पोलादी खोबणीत बसतो, तिच्या उजव्या बाजूस या रायफलीचा जन्मदाखला कोरलेला असतो: मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष आणि नमुना.

बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ब्रिटिश काळात बनलेल्या रायफलींवर मुकुटाखाली 'जी.आर.आय.' ही अक्षरे दिसतात. 'जॉर्ज, राजा आणि सम्राट' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलींवर फक्त 'जी.आर.' असते. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या ठशात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राजवट बदलल्याची नोंद अशी पोलादावरही झाली.

नमुन्याच्या आकड्यापुढे कधी छोटी चांदणी असते. ती शोभेची नाही. मूळ नमुन्यात काही बदल झाला, असे ती सांगते. पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून 'मार्क ३' मधील दूर पल्ल्याच्या नेमाचे साधन आणि काडतूसपेटी अडवणारी पट्टी वगळली गेली. तो झाला 'मार्क ३ चांदणी'.

मालकी आणि चाचणी

रुंद टोकाचा बाण ही ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची खूण. बाणासोबत 'आय' हे अक्षर असेल, तर मालमत्ता भारत सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर वस्तू सरकारी सेवेतून विकून टाकली असे समजावे. म्हणजे दुसरा ठसा पहिल्याचा अर्थच रद्द करतो.

लष्करातून निघालेल्या रायफली ब्रिटनमध्ये खाजगी विक्रीस जाताना त्यांची पुन्हा चाचणी होत असे. नेहमीपेक्षा जास्त दाब निर्माण करणारे काडतूस उडवून पाहायचे आणि नळी टिकली तर ठसा मारायचा. हे काम लंडन व बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांकडे होते. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ साली स्थापन झाले. अशा रायफलीच्या नळीवर 'चौरस इंचाला १८.५ टन' असा ठसा आढळतो. वर्गात हे गणित जरूर करावे. ब्रिटिश टन १०१६ किलोग्रॅमचा आणि चौरस इंच ६.४५ चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २९०० किलोग्रॅम!

क्रमांक जुळतात का?

एवढा दाब मागच्या बाजूने बोल्ट अडवून धरतो. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा. बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांत फट जास्त राहिली, तर पितळी कवच ताणले जाऊन फाटू शकते आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतात. म्हणून प्रत्येक बोल्ट त्याच्याच रायफलीत बसवून पाहिला जाई आणि दोहोंवर एकच क्रमांक ठोकला जाई. क्रमांक वेगळे दिसले, तर बोल्ट बदलला गेला आहे. त्यामुळे रायफल वाईट ठरत नाही, पण फट मोजल्याशिवाय ती चांगलीही ठरत नाही.

सर्वांत महत्त्वाचा ठसा दोनच अक्षरांचा: 'डी.पी.', अर्थात फक्त कवायतीसाठी. हा ठसा असलेली रायफल गोळी झाडण्यास असुरक्षित समजायची. मुकुट, कारखाना, चाचणी यांचे आधीचे सगळे ठसे खरेच असतात, पण या एका ठशापुढे ते जुनी हकिकत बनतात.

खोडलेला ठसा

ठोकलेला ठसा केवळ पृष्ठभागावर नसतो. घणाच्या आघाताने अक्षराच्या खालच्या धातूची स्फटिकरचनाही दबते आणि विस्कटते. त्यामुळे कानशीने क्रमांक घासून टाकला, तरी खाली दबलेला भाग शिल्लक राहू शकतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिथे योग्य आम्लयुक्त द्रावण लावतात. दबलेला आणि न दबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि पुष्कळदा गेलेले आकडे पुन्हा दिसू लागतात. फार खोल घासले असेल तर मात्र इलाज चालत नाही.

करून पाहा

यासाठी रायफल हवीच असे नाही. किराणा दुकानातील लोखंडी वजन उलटे करून पाहा. त्यातील शिशाच्या बुचावर पडताळणीचे शिक्के असतात. त्यांतला शेवटचा कोणता आणि दुकानदाराच्या दृष्टीने तोच का महत्त्वाचा, हे मुलांना विचारा. नाण्यांवर वर्षाखालची खूण शोधा: चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबादची, गोल ठिपका असेल तर नोएडाची आणि काहीच नसेल तर कोलकात्याची.

मग प्रत्येक ठशासाठी वहीत तीन रकाने करायला सांगा: कोणी मारला, केव्हा मारला, आणि त्यावरून काय सिद्ध होत नाही. तिसरा रकाना भरताना मुले सर्वांत जास्त विचार करतील. '१९४२' समोर तिथे काय लिहायचे, हे त्या पहिल्या विद्यार्थ्यालाच सांगू द्या.