चिनी चोवीस ऋतुसंधि व जुन्या लेखांचा कालनिर्णय

चिनी पंचांग केवळ चांद्र आहे, असा समज पुष्कळ संग्राहकांचा असतो. आमचाही तो बराच काळ होता. तो निराधार कसा, आणि जुने लेख तपासतांना त्याचें भान कां ठेवावें, एवढेंच या टिपणांत सांगावयाचें आहे.

चिनी ज्योतिषी क्रांतिवृत्ताचे १५-१५ अंशांचे चोवीस भाग करितात व प्रत्येक भागाच्या आरंभास स्वतंत्र नांव देतात. फेब्रुवारीच्या ४ तारखेच्या सुमारास 'लीचून' म्हणजे वसंतारंभ. मार्चच्या आरंभीं 'जिंगझे' म्हणजे बिळांतील कीटकांची जागृति. एप्रिलच्या ४-५ तारखेस 'चिंगमिंग' म्हणजे निर्मळ प्रकाश. आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेस 'डोंगझी' म्हणजे दक्षिणायनाची समाप्ति. हीं चोवीसही नांवें इ. स. पू. दुसऱ्या शतकांतील 'ह्वायनानझी' ग्रंथांत आढळतात. इ. स. पू. १०४ मध्यें राजमान्य पंचांगांत त्यांस स्थान मिळालें. तीं पीत नदीच्या खोऱ्यांतील हवामानावरून पडलीं असल्यामुळें दक्षिण चीनच्या ऋतूंशीं जुळत नाहींत.

यांपैकीं एकाआड एक अशा बारांस 'झोंगची' म्हणतात. वर्षांत तेरा चांद्रमास येत असतां झोंगचीरहित असा जो पहिला मास, तो अधिक. आपल्याकडे संक्रांतिरहित मास अधिक मानतात, तत्त्व एकच. भेद इतकाच कीं, त्यांची गणना सायन, आपली निरयन. म्हणून डोंगझी डिसेंबरांत व मकरसंक्रांत जानेवारींत येते. शिवाय क्षयमास त्यांच्याकडे नाहीं.

तारखांचें गणित करणारांनीं १६४५ हें वर्ष लक्षांत ठेवावें. तोंपर्यंत वर्षाचे दिवस चोविसांनीं सारखे विभागीत. आदाम शाल या जर्मन जेझुइटानें रचलेल्या पंचांगानें स्पष्ट सूर्य स्वीकारला. तेव्हांपासून हें अंतर हिंवाळ्यांत पावणेपंधरा, तर उन्हाळ्यांत पावणेसोळा दिवसांच्या जवळपास येऊं लागलें. जुन्या व नव्या रीतींत दोन-दोन दिवसांचा फरक पडतो. हा वाद कागदावरच राहिला नाहीं. १६६५ मध्यें ज्योतिषविषयक व अन्य आरोपांवरून शालच्या पांच चिनी सहकाऱ्यांचा शिरच्छेद झाला. १६६९ मध्यें व्हर्बीस्टनें वेध घेऊन नवी रीत पुन्हा प्रतिष्ठित केली.

पोथ्यांच्या अभ्यासकांस 'जिंगझे' हें नांव विशेष उपयोगी आहे. त्याचें मूळ रूप 'चीझे'. हान वंशांतील जिंग सम्राटाचें (इ. स. पू. १५७-१४१) व्यक्तिनाम 'ची' असल्यानें तें अक्षर वर्ज्य होऊन 'जिंग' आलें. जपानांत मात्र मूळ अक्षर अद्याप चालतें. म्हणून प्राचीन ग्रंथाच्या प्रतींत 'जिंगझे' दिसलें, तरी ग्रंथ हानोत्तर ठरत नाहीं. पाठ लेखकानें बदलला असणें शक्य आहे. प्रतीचा काळ व रचनेचा काळ वेगळे ठेवावे.

घरगुती कागदही दुर्लक्षूं नयेत. चिंगमिंगास पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई होते. डोंगझीपासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट, म्हणजे ८१ दिवस, थंडी मोजतात. त्यासाठीं ८१ पाकळ्यांचें फुलझाड काढून रोज एक पाकळी रंगवीत. १६३५ च्या, पेकिंगच्या वर्णनपर एका ग्रंथांत ही चाल नोंदली आहे. असा अर्धवट रंगविलेला कागद हातीं आल्यास तो बालक्रीडा समजून टाकूं नये. रंगविलेल्या पाकळ्या मोजाव्या: कोणत्या दिवशीं हात थांबला, हें तो कागद स्वतःच सांगतो.