आधी कान, मग दुर्बीण

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात पक्षी बघणाऱ्यांची कमतरता नाही. रविवारी सकाळी कोंडेश्वरच्या वाटेवर किंवा बारवी धरणाच्या बाजूला गळ्यात दुर्बीण अडकवलेली चार माणसं हमखास भेटतात. पण रानपिंगळा हे छोटं घुबड बघायचं असेल तर पहाटेची पहिली गाडी धरून कल्याणला उतरावं लागतं आणि कसारा लोकलने आटगाव गाठावं लागतं. तिथून पुढे तानसा अभयारण्य. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२ साली पूर्ण झालं. त्या पाण्यासाठी भोवतालचं साग-ऐनाचं रान राखलं गेलं आणि त्या रानात हा पक्षी टिकून राहिला. मुंबईकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्याशी एका संकटग्रस्त घुबडाचा इतका जवळचा संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आमच्या गटाचं काम ऐकण्याचं. वनखात्याची परवानगी घेऊन, वनरक्षक आणि पाड्यावरचा एक वाटाड्या सोबत घेऊन ठरलेल्या वाटेवर चालायचं. ठरलेल्या ठिकाणी थांबायचं आणि काही मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग नोंदवहीत वेळ, दिशा, अंदाजे अंतर आणि हाकेचा प्रकार लिहायचा. पक्षी दिसला तर झाडाचं नावही. बहुतेक ठिकाणी 'काही नाही' असंच लिहावं लागतं आणि तेही लिहायचंच. कुठे नाही हे कळल्याशिवाय कुठे आहे याला अर्थ येत नाही.

नवख्या माणसाला पहिल्या दिवशी सगळीच घुबडं सारखी वाटतात. म्हणून आधी घरचा पिंगळा नीट ऐकायला सांगतो. उल्हास नदीकाठच्या जुन्या आंब्यांवर किंवा वालधुनीच्या बाजूच्या झाडांवर संध्याकाळी जोडी भांडल्यासारखी कलकलाट करते, तो आपला ठिपकेवाला पिंगळा. आवाज चिरका, घाईचा, एकात एक अडकलेला. जंगलात शिरलं की दुसरा भेटतो, जंगली पिंगळा. त्याची हाक घोगऱ्या 'कर्र-कर्र'ने सुरू होते आणि वेग घेत जाते. हे दोन्ही कानात पक्के बसले की तिसरा वेगळा काढता येतो.

रानपिंगळ्याचं गाणं लहान आणि मऊ असतं. 'ओ... ओवाव' असं काहीतरी. संपलं की मागे काही रेंगाळत नाही, त्यामुळे कान दुसरीकडे असले तर ते निसटतं. जोडीदाराशी संपर्क ठेवताना तो चढत-उतरत 'क्वाक' करतो. धोका दिसला की 'क्वेक्क, क्वेक्क' असा तुटक आवाज पुन्हा पुन्हा काढतो. पिल्लं भूक लागली की बारीक 'की' करून ओरडतात आणि विणीच्या काळात मादीही तशीच नराकडे खाणं मागते. नोंदवहीतल्या 'हाकेचा प्रकार' या रकान्याला म्हणूनच इतकं मोल आहे. नुसतं गाणं ऐकू आलं तर इथे एक पक्षी आहे इतकंच कळतं. 'की' ऐकू आलं तर जवळपास ढोली आहे आणि घर मांडलेलं आहे.

यात एक लबाड मध्ये येतो, भृंगराज. तो इतर पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की एका हाकेवर आम्ही कधीच नोंद करत नाही. उलट, मदत करणारेही असतात. सूर्यपक्षी, नाचण, वटवटे एखाद्या फांदीभोवती गोळा होऊन कल्ला करू लागले की तिथे बहुतेक वेळा साप असतो नाहीतर घुबड. आमचा वाटाड्या दादा हा कल्ला माझ्या कितीतरी आधी टिपतो. "चिमण्या कुणावर ओरडतात ते बघा, ताई. त्याच्या तोंडाकडं बघू नका, तो हलतच नाही," असं त्याने मला सांगितलं होतं. त्या सल्ल्यावर मी आजही चालते.

तसाच रानपिंगळा मला सर्वांत जवळून दिसला. वेळ सकाळची होती, कारण हा पक्षी दिवसा वावरतो. थंडीत उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि दहानंतर बराचसा गप्प होतो. आकाराने साळुंकीएवढा, पण डोकं अंगाच्या मानाने मोठं. त्यावर घरच्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि नख्या दणकट. खाली पाचोळ्यात सरडा सरकला तशी त्याची शेपटी झटक्याने डावीकडे-उजवीकडे हलू लागली. मग त्याने सरळ खाली झेप घेतली. सरडे, पाली, सापसुरळ्या हे त्याचं मुख्य खाणं. उंदीर आणि किडे त्याच्या जोडीला. उरलेलं भक्ष्य तो झाडात दडवूनही ठेवतो.

हा पक्षी शंभरहून अधिक वर्षं हरवला होता. ब्लूइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडात मिळवलेल्या नमुन्यावरून अॅलन ह्यूमने १८७३ साली त्याचं वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसनने खानदेशातून, शहादा-तळोद्याच्या रानातून, काही पक्षी मारून पाठवले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनी सत्तरच्या दशकात शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. त्यात रिचर्ड माइनर्ट्झहागेनने घोळ घातला होता. १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण हा पक्षी मिळवल्याचं त्याने नोंदवलं होतं. प्रत्यक्षात तो डेव्हिडसनचाच नमुना होता, संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने भरलेला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली आणि खोट्या जागा वगळून शोध मांडला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत असताना त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला.

तोवर संग्रहालयात पेंढा भरलेली मोजकी कातडी होती, पण त्यांच्यावरून हाक कळत नाही, आणि आवाजाचं ध्वनिमुद्रण कुठेच नव्हतं. म्हणूनच त्यानंतरची मेहनत मला फार मोलाची वाटते. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्यात बसून त्याच्या हाका वेगवेगळ्या नोंदवल्या, वीण पाहिली. त्यामुळे काय ऐकायचं हे पुढच्यांना कळलं. तोरणमाळ, मेळघाट, खंडवा अशी ठिकाणं पुढे आली. २०१४ साली सुनील लाड यांच्यामुळे तानसाचं नाव त्या यादीत आलं आणि सातपुड्याचा मानलेला पक्षी सह्याद्रीच्या उत्तर टोकालाही आहे हे कळलं. २०१८ मध्ये त्याची वर्गवारी 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाली. तरी प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतच आहे.

आता त्या हाकेचाच उपद्रव सुरू झाला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, जोड्या जुळण्याच्या काळात, मोबाइलवर त्याचं गाणं वाजवलं की नर आपल्या हद्दीत दुसरा घुसला समजून धावून येतो. अभ्यासक हे मोजून-मापून, परवानगीने करतात. फोटोसाठी येणारे एकाच जोडीपाशी पुन्हा पुन्हा वाजवतात. मादी ढोलीत अंडी उबवत असते, अंडी दोन किंवा तीन, आणि महिनाभर तिचं पोट नराच्या शिकारीवर असतं. तेवढा वेळ तो नसलेल्या शत्रूवर ओरडण्यात घालवतो. मला याचा राग येतो, आणि तो मी तिथल्या तिथे बोलून दाखवते.

दुसरी काळजी ढोलींची. या भागात भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात. ढोली मात्र जुन्या, जाड झाडातच मिळते. ती झाडंही तोडतात का, असं मी वाटाड्या दादाला विचारलं.

"पोकळ झाडाला कोण हात लावतंय, ताई? त्याचं लाकूड काय कामाचं?" तो म्हणाला. "पण वणव्यात तेच पहिलं जातं. बुडाशी पाचोळा पेटला की आग आतून वर चढते, चिमणीसारखी. चार-चार दिवस धुमसत राहतं."

वनखातं जाळरेषा काढतं, पण ती वाटांच्या कडेने. प्रत्येक झाडापाशी ती पोहोचणं शक्य नाही. म्हणून 'की' ऐकू आलेल्या झाडांची यादी आम्ही वनरक्षकाकडे देतो. पाड्यावरची पोरं थंडीच्या अखेरीस तिथे दाताळं घेऊन जातात आणि बुंध्याभोवतीचा पाचोळा दूर ओढतात. ढोलीत पक्षी असेल तर काम दुपारी, तो शांत झाल्यावर आणि न बोलता. यंदाच्या यादीत दोन ऐन आहेत आणि एक मोठा कळंब.