वीज गेल्यानंतर डिस्कची तपासणी अडते तेव्हा

दुकानाचा हिशेब वहीतून संगणकात गेला, तरी हिशेबाची जबाबदारी तीच राहिली आहे. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी किराणा, कापड, छपाई, फोटो स्टुडिओ अशा अनेक धंद्यांत ग्राहकांची उधारी आणि ऑर्डरी आता डिस्कवर असतात. वळवाच्या पावसात अचानक वीज जाते, परत आल्यावर संगणक सुरू होत नाही आणि पडद्यावर तपासणी अयशस्वी झाल्याचा संदेश दिसतो. अशा वेळी घाईने दाबलेले एक बटण विजेपेक्षा जास्त नुकसान करू शकते. म्हणून हा विषय व्यापारी बांधवांनी नीट समजून घ्यावा.

रोजकीर्द आणि खतावणी

डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे याची एक खतावणी असते. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. तिच्यात बदल करताना मध्येच वीज गेली तर अर्धी नोंद जुनी आणि अर्धी नवी राहते. यावर उपाय म्हणजे जर्नल, म्हणजेच आपली रोजकीर्द. होणारा बदल आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग खतावणीत चढवायचा. वीज परत आली की संगणक रोजकीर्द वाचतो, पूर्ण नोंदी खतावणीत चढवतो आणि अपुऱ्या सोडून देतो. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ही सोय १९९३ पासून आहे. लिनक्समध्ये ईएक्सटी३ ही पद्धत २००१ मध्ये मुख्य आवृत्तीत आली आणि २००८ मध्ये तिची पुढची पायरी ईएक्सटी४ तयार झाली. त्यापूर्वीच्या ईएक्सटी२ मध्ये वीज गेली की सगळी डिस्क तपासावी लागे.

मात्र रोजकीर्द सहसा खतावणीची रचना सांभाळते, आतला मजकूर नव्हे. वीज जाण्यापूर्वी काही सेकंद आधी केलेले बिल जाऊ शकते. वीज आल्यावर शेवटची दोन-चार बिले कागदाशी पडताळून पाहावीत.

तपासणी का अडते?

रोजकीर्द असूनही तपासणी अडते, याची मुख्य कारणे तीन. पहिले, डिस्कचा काही भाग खराब झालेला असतो. दुसरे, डिस्कला स्वतःची छोटी स्मृती असते. ‘लिहिले’ असे ती कळवते, पण मजकूर अजून कायमच्या जागी उतरलेला नसतो. काही हलक्या डिस्क ‘आताच उतरव’ हा हुकूमही नीट पाळत नाहीत, त्यामुळे नोंदींचा क्रम मोडतो. तिसरे, सैल केबल किंवा सदोष रॅममुळे चूक आधीच साचलेली असते, ती या वेळी उघडी पडते. लिनक्समध्ये अशा वेळी ‘रन एफएससीके मॅन्युअली’, म्हणजे तपासणी हाताने करा, असा संदेश येतो.

काय करावे?

१. संगणक पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करून जाणकाराकडे द्यावी.

२. दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती पाहावी. ‘पेंडिंग’ किंवा ‘रिॲलोकेटेड’ सेक्टरचा आकडा शून्य नसेल, तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर पूर्ण नक्कल करावी. दुरुस्ती नकलेवर करावी, मूळ डिस्क बाजूला ठेवावी.

३. ईएक्सटी४ असेल तर ‘ई२एफएससीके’ प्रथम ‘-एन’ पर्यायाने चालवावे. तो फक्त वाचतो, काही बदलत नाही. या वेळी रोजकीर्द चढवलेली नसल्याने दोष खऱ्यापेक्षा जास्त दिसतात, त्याने घाबरू नये. डिस्क वापरात, म्हणजे माउंट, असताना दुरुस्ती कधीही चालवू नये.

४. मग ‘-पी’ पर्याय वापरावा. तो निर्धोक दुरुस्त्याच करतो. सर्व प्रश्नांना ‘होय’ म्हणणारा ‘-वाय’ नक्कल हाती असल्याशिवाय वापरू नये.

५. मुख्य नोंद, म्हणजे सुपरब्लॉक, खराब असेल तर तिच्या प्रती डिस्कवरच असतात. चार केबीच्या ब्लॉकसाठी ‘-बी ३२७६८’ने पहिली प्रत वापरता येते.

६. शेवटी मिळणारा अंक पाहावा. ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष दुरुस्त झाले, ४ म्हणजे दोष शिल्लक आहेत. ० येईपर्यंत तपासणी पुन्हा करावी. नाव हरवलेल्या फायली ‘लॉस्ट+फाउंड’ या कप्प्यात सापडतात.

एक्सएफएस असेल तर डिस्क एकदा माउंट करून सोडली की रोजकीर्द आपोआप चढते. ‘एक्सएफएस रिपेअर’चा ‘-एल’ पर्याय रोजकीर्दच पुसतो, तो शेवटचा उपाय समजावा. विंडोजमध्ये ‘चेकडिस्क’ आधी साधे चालवावे, नंतर ‘/एफ’ने. आजारी डिस्कवर ‘/आर’चा ताण देऊ नये.

पुढची खबरदारी

घरगुती इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर खंड पाडतो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. त्यासाठी यूपीएसच हवा, आणि त्याची बॅटरी टिकते की नाही हे अधूनमधून तपासावे. पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट किंवा एक्सफॅट पद्धत असते, तिला रोजकीर्द नसते. म्हणून हिशेबाचे चालू काम पेन ड्राइव्हवर करू नये, आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय तो काढू नये.

कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्यावर साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. उधारीची नोंद ही ग्राहकाचीही अमानत आहे. ती पुसली गेली तर एकतर व्यापाऱ्याचा हक्क बुडतो, नाहीतर गरीब ग्राहकावर नसलेले देणे चढते. म्हणून दुकान बंद करताना रोज हिशेबाच्या दोन नकला घ्याव्यात, एक दुकानात आणि एक घरी. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडलेल्या नकलेचा भरवसा धरता येत नाही. एवढी शिस्त असेल तर वीज गेली तरी इन्शाअल्लाह हिशेब जाणार नाही.