किल्ली कोणाच्या हाती?

अहिल्यानगरच्या कापड बाजारातील वा आडते बाजारातील पेढीवर आता वहीखात्याच्या शेजारी संगणक असतो. जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचे व्यवहार, मालाची मागणी ही कामे ब्राउझरमधूनच होतात. त्याच पडद्यावर जाहिरातींचीही गर्दी असते. काही जाहिराती केवळ त्रासदायक असतात, तर काही 'डाउनलोड'चे खोटे बटण दाखवून फसवितात. शिवाय पडद्याआड ट्रॅकर काम करीत असतात. आपण कोणती पाने पाहिली याची नोंद ते जाहिरात कंपन्यांकडे धाडतात. यांना आवर घालणारे एक्स्टेंशन, म्हणजेच जाहिरातरोधक, वापरणे योग्यच. मात्र ते पारखून घ्यावे लागते.

असे एक्स्टेंशन बसविताना ब्राउझर बहुधा एक परवानगी विचारतो: सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची. म्हणजे बँकेच्या पानावरील शिल्लकही ते वाचू शकते. मुनीमाच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यापूर्वी त्याच्या घराण्याची चौकशी करणारा व्यापारी ही परवानगी मात्र एका क्षणात देऊन मोकळा होतो.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल खरा म्हणून खपविणे, असा त्याचा अर्थ. संगणकाच्या बाजारातही हेच घडते. २०१८ मध्ये अ‍ॅडगार्ड या कंपनीने क्रोमच्या अधिकृत दुकानातील पाच बनावट जाहिरातरोधक उघडकीस आणले. ते वापरणाऱ्यांची संख्या दोन कोटींहून अधिक होती. २०२० मध्ये 'नॅनो अ‍ॅडब्लॉकर' हे चांगले समजले जाणारे एक्स्टेंशन मूळ कर्त्याने विकले आणि नव्या मालकांनी त्यात वापरकर्त्यांची माहिती गोळा करणारा भाग घातला. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने नाव तेच राहिले, पेढी मात्र बदलली होती.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नाव व कर्ता. 'यूब्लॉक ओरिजिन' हे रेमंड हिल यांचे आहे. नुसते 'यूब्लॉक' हे वेगळे. दुसरी, हिशेब उघडा आहे का? ज्याची मूळ संहिता सर्वांना तपासता येते, त्यात लबाडी लपविणे कठीण जाते. तिसरी, उत्पन्न कोठून येते? 'अ‍ॅडब्लॉक प्लस' २०११ पासून ठरावीक निकषांत बसणाऱ्या जाहिराती दाखवू देते व त्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेते. ही गोष्ट ते लपवीत नाही आणि ती सोय बंदही करता येते. यूब्लॉक ओरिजिन देणगीसुद्धा स्वीकारत नाही. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण रूपात चालते. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तेथे त्याचे 'लाइट' रूप वापरावे लागते.

येथे न्यायाचाही एक प्रश्न आहे. वृत्तपत्राचे संकेतस्थळ विनामूल्य वाचता येते ते जाहिरातींच्या बळावर. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडविणे व्यापारधर्मात बसत नाही. ज्या संकेतस्थळावर विश्वास आहे, तेथे रोधक बंद ठेवण्याची सोय असते. ती वापरावी किंवा वर्गणी भरावी.

बँक व जीएसटीसाठी एक स्वतंत्र ब्राउझर ठेवावा आणि त्यात एकही एक्स्टेंशन बसवू नये. इतरत्र एकच रोधक पुरेसा आहे. दिवाळीत वहीपूजनाच्या आधी जुनी खाती तपासली जातात, तेव्हाच संगणकातील एक्स्टेंशनची यादीही काढावी. मालक बदलला असल्यास वा गरज उरली नसल्यास ते काढून टाकावे. अर्थात फोनवर स्वतःहून सांगितलेला ओटीपी कोणताही रोधक वाचवू शकत नाही. तशी फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. घरातील ज्येष्ठांना आणि दुकानातील नोकरांनाही हा क्रमांक ठाऊक असावा.