उंसाच्या ट्रॉलीचे दिवे व त्यांतील बिघाडाची परीक्षा

कृष्णाकांठचा ऊंस तोडणीस आला म्हणजे सातारा व सांगली जिल्ह्यांतील रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनीं भरून जातात. रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली येथील कारखान्यांकडे पुष्कळ खेपा रात्रीं होतात. अशा वेळीं ट्रॉलीचा मागचा तांबडा दिवा विझलेला असल्यास मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं, व नाहक जीव जातो. यास्तव दिव्यांतील बिघाड ओळखण्याची रीत प्रत्येक ट्रॅक्टरधारकास ठाऊक असावी, असें आम्हांस वाटतें.

वाफ्यास पाणी पोहोंचलें नाहीं तर आपण पाट तपाशीत जातों, तसेंच येथें करावयाचें. भेद इतकाच कीं, विजेस परतीचीही वाट लागते. 12 व्होल्टच्या बॅटरींतून निघालेला प्रवाह फ्यूज, बटण, वायर व प्लग यांतून दिव्यांत जातो, आणि ट्रॉलीच्या लोखंडांतून किंवा परतीच्या वायरींतून बॅटरीकडे परततो. या परतीच्या वाटेस मिस्त्री लोक अर्थिंग म्हणतात.

आतां लक्षणें पाहूं. एकच दिवा बंद असेल तर प्रथम बल्ब पाहावा. मागच्या बल्बांत बहुधा दोन तारा असतात. 5 वॅटची रात्रीच्या दिव्याची व 21 वॅटची ब्रेकची. एक तुटली तरी दुसरी पेटते, म्हणून दोन्ही पाहाव्या. ट्रॅक्टरचे दिवे लागून ट्रॉलीचे सर्वच बंद असतील तर दोष प्लगांत समजावा. त्याच्या पिना माती व गंज काढून घासाव्या. पुढची ट्रॉली उजळून मागची अंधारी राहिली तर दोहोंमधील प्लग पाहावा.

दिवे मंद जळत असतील, अथवा ब्रेक दाबतांच भलताच दिवा मिणमिणत असेल, तर तो अर्थिंगचा दोष होय. पुष्कळ ठिकाणीं परतीचा प्रवाह केवळ हुकाच्या पिनेंतून जातो, व तेथें ग्रीस आणि गंज आड येतात. दिव्याच्या घरापासून बॅटरीच्या ऋण टोंकापर्यंत एक वायर लावून पाहावी. दिवा उजळल्यास निदान पक्कें झालें. रंग खरवडून जोड स्वच्छ करावा व परतीची निराळी वायर प्लगांतून न्यावी.

फ्यूज वारंवार उडत असेल तर एखादी सोललेली वायर लोखंडास टेंकत आहे असें जाणावें. 21 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर सुमारें पावणेदोन अँपियर प्रवाह घेतो. दिव्यांची संख्या पाहून योग्य फ्यूज घालावा. त्याऐवजीं तांब्याची तार बांधणें हा घातकीपणा आहे. वायर तापून सुक्या पाचटास आग लागते.

दोषाचें स्थळ सांपडत नसल्यास 12 व्होल्टच्या लहान बल्बास दोन वायरी जोडून घ्याव्या. एक टोंक ऋण बाजूस लावावें व बटण चालू करून दुसरें टोंक दिव्यापासून मागें एकेका जोडास लावीत जावें. जेथें बल्ब पेटेल त्याच्या व आधींच्या न पेटलेल्या जोडाच्या मध्यें दोष आहे.

ही परीक्षा ऊंस भरण्यापूर्वींच करावी, आणि भरल्यावर लोंबतें वाढें दिव्यांवर आलेलें नाहीं हें मागें जाऊन पाहावें. खेपेस अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. परंतु अंधारी ट्रॉली रस्त्यावर नेऊं नये, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे.